हजार मुलं, एक खेळाडू आणि पाऊण तास: एका फुटबॉल क्लबच्या ऑनलाइन समाजभेटी

हे प्रकरण एका व्यावसायिक फुटबॉल क्लबचं आहे. क्लबचं नाव, शहर आणि माणसांची ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. क्लबने शाळांसाठी आणि रुग्णालयांतल्या मुलांसाठी ऑनलाइन भेटी सुरू केल्या. त्या गाजल्या, मग एका मोठ्या कार्यक्रमात फसल्या आणि त्यानंतर अगदी वेगळ्या रूपात उभ्या राहिल्या. तंत्रज्ञानाच्या चुका यात आहेतच, पण त्या दुरुस्त करायला सोप्या होत्या. खरा घोळ वेळेच्या हिशेबात होता.

पार्श्वभूमी

व्यावसायिक खेळाडूचा समाजकार्यातला सहभाग निव्वळ त्याच्या मर्जीवर सोडलेला नसतो, बहुतेक ठिकाणी तो करारात लिहिलेला असतो. इंग्लंडच्या प्रीमियर लीगच्या प्रमाणित करारात क्लबच्या प्रसिद्धी आणि समाजविषयक कामांसाठी आठवड्याला सहा तासांपर्यंतची तरतूद आहे आणि त्यातला साधारण निम्मा वेळ समाजकार्य आणि जनसंपर्कासाठी धरला जातो. अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगने 2005 मध्ये ‘एनबीए केअर्स’ या नावाने असं सगळं काम एका छत्राखाली आणलं. आपल्या प्रकरणातल्या क्लबच्या करारात तासांचा आकडा नव्हता. ‘वाजवी वेळ’ एवढाच मोघम उल्लेख होता. हा मोघमपणा पुढे नडला.

समाजसंपर्क विभागात माणसं तीनच. महासाथीपूर्वी त्यांचं काम ठरलेलं असायचं: खेळाडूंना शाळेत नेणं, मुलांच्या वॉर्डात भेट घडवणं, स्थानिक प्रशिक्षकांसाठी शिबिरं भरवणं. तासाभराच्या भेटीत जाण्यायेण्यासकट खेळाडूचा अर्धा दिवस जायचा. त्यामुळे लांबच्या शाळांची पत्रं वर्षानुवर्षं फाइलमध्येच राहायची.

11 मार्च 2020 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महासाथ म्हटलं. त्याच दिवशी एनबीएने आपला हंगाम थांबवला आणि दोन दिवसांनी प्रीमियर लीगही थांबली. या क्लबचे खेळाडूही घरी बसले. विभागाने हाताशी होतं ते वापरलं. खेळाडूंनी हंगामभराचं तिकीट काढणाऱ्या वयस्कर चाहत्यांना फोन केले, आजारी मुलांसाठी व्हिडिओ निरोप पाठवले, एकेका वर्गाशी व्हिडिओ कॉलवर गप्पा मारल्या. एरवी जे खेळाडू पंधरा मिनिटांत घड्याळ पाहायचे, ते तास तासभर बोलत राहिले. शिक्षकांची आभाराची पत्रं आली. संचालक मंडळाच्या बैठकीत कौतुक झालं आणि ‘ऑनलाइन भेटी यशस्वी होतात’ असा निष्कर्ष कागदावर उतरला.

हा निष्कर्ष अर्धवट होता. भेटी रंगल्या, कारण खेळाडूंकडे रिकामा वेळ होता. स्पर्धा पुन्हा सुरू झाली, राहिलेले सामने कमी आठवड्यांत कोंबले गेले आणि तो वेळ संपला. कार्यक्रम मात्र वाढवायचं ठरलं.

अडचण

पुढच्या हंगामात विभागाने एक मोठा कार्यक्रम आखला: पहिल्या, म्हणजे मुख्य संघातला सर्वांत लोकप्रिय आघाडीपटू, पाऊण तास आणि नाव नोंदवणाऱ्या प्रत्येक शाळेला प्रवेश. प्रवासाचा प्रश्नच नाही, मग मर्यादा कशाला, असा विचार होता. नोंदणी हजार मुलांच्या पुढे गेली. एका रुग्णालयाचा मुलांचा वॉर्डही जोडला गेला. प्रायोजकाचं नाव पार्श्वभूमीवर आलं. माध्यम म्हणून वेबिनार निवडला आणि जागा अपुरी पडेल म्हणून त्याचं थेट प्रक्षेपणही ठेवलं.

त्या दिवशी सराव लांबला. आघाडीपटू गाडीत बसूनच, फोनवरून जोडला गेला, तोही उशिरा. आवाज तुटत होता. वेबिनारमध्ये प्रेक्षकांचा चेहरा दिसत नाही आणि आवाजही येत नाही, त्यामुळे त्याच्यासमोर होता फक्त स्वतःचा चेहरा. त्याने एक विनोद केला, समोर शांतता. ‘फुटबॉल कोण कोण खेळतं, हात वर करा’ म्हणाला. वर्गावर्गांत हात वर गेले, पण ते त्याला दिसायची सोयच नव्हती. थेट प्रक्षेपण पाहणाऱ्यांकडे तर हे सगळं वीसेक सेकंद उशिरा पोहोचत होतं. इंटरनेटवरच्या नेहमीच्या प्रक्षेपणात एवढा विलंब असतोच. सामना पाहताना तो कुणाला जाणवत नाही, संवाद मात्र त्यात बुडतो.

प्रश्न आधीच मागवून निवडलेले होते आणि ते सूत्रसंचालक वाचून दाखवत होता. ज्या मुलीचा प्रश्न वाचला गेला, तिच्या वर्गाचं कनेक्शन नेमकं तेव्हाच गेलं होतं. वॉर्डातल्या एका मुलाने कार्यक्रमभर हात वर करण्याचं बटण दाबून ठेवलं होतं. हे परिचारिकेने नंतर कळवलं. सूत्रसंचालकाच्या यादीत शेकडो हात होते, त्यातला हा कोणता ते त्याला ओळखता येणं शक्यच नव्हतं.

त्यात एका पालकाने लिंक चाहत्यांच्या गटात टाकली. मोठी माणसं चॅटमध्ये शिरली आणि हा खेळाडू क्लब सोडून चालला आहे का, अशी विचारणा सुरू झाली. शिवीगाळ झाली नाही, कुणा मुलाला त्रासही झाला नाही. तरीही बालसुरक्षा अधिकाऱ्याने त्याच संध्याकाळी पुढचे सगळे ऑनलाइन कार्यक्रम थांबवले. अनोळखी प्रौढ माणसं मुलांसोबत एकाच चॅटमध्ये होती, एवढं कारण तिला पुरेसं होतं, आणि माझ्या मते तिचं बरोबरच होतं. नकोशी माणसं व्हिडिओ बैठकीत घुसण्याचे प्रकार 2020 च्या मार्चमध्येच इतके वाढले होते की झूमने एप्रिलमध्ये पासवर्ड आणि प्रतीक्षा कक्ष ही व्यवस्था आपोआप चालू राहील अशी केली. धोका नवा नव्हता, क्लबने तो स्वतःला लागू करून पाहिला नव्हता.

पाहणाऱ्यांची संख्या अहवालात ठळक अक्षरांत छापली गेली. शिक्षकांचे अभिप्राय दुसऱ्याच सुरात होते. एका शिक्षिकेने लिहिलं की मुलांना टीव्ही पाहिल्यासारखं वाटलं, आणि टीव्हीवर तो खेळाडू निदान गोल तरी करतो.

समोरचे पर्याय

विभागाने महिनाभर काहीच केलं नाही. मग शिक्षक, वॉर्डातली खेळ-समन्वयक, बालसुरक्षा अधिकारी, संघाचा फिजिओ आणि विपणन विभाग यांना एकत्र बसवलं. चार वाटा पुढे आल्या.

पहिली, ऑनलाइन भेटी बंद करून पुन्हा प्रत्यक्ष भेटींकडे वळणं. यात लांबच्या शाळा आणि संसर्गाच्या भीतीने पाहुणे वर्ज्य असलेले वॉर्ड पुन्हा बाहेर राहिले असते. दुसरी, फक्त ध्वनिचित्रमुद्रित निरोप पाठवणं. ते स्वस्त आणि सुरक्षित, पण दोन हंगामांनी कुणी पाहत नाही. तिसरी, कार्यक्रम मोठाच ठेवायचा, फक्त तांत्रिक बाजू पक्की करायची. विपणनाला हीच हवी होती. चौथी, एका वेळी एकच वर्ग किंवा एकच वॉर्ड.

तिसऱ्या आणि चौथ्या वाटेतला वाद बराच चालला. तो मिटला तो एका शिक्षकाने फळ्यावर मांडलेल्या हिशेबाने. पाऊण तासातली पंधरा मिनिटं स्वागत आणि एखाद्या कवायतीत जातात. उरला अर्धा तास. मूल उठून कॅमेऱ्यासमोर येणार, नाव सांगणार, अडखळत प्रश्न विचारणार, खेळाडू उत्तर देणार आणि उलट एखादा प्रश्न करणार. याला दोन मिनिटं लागतातच. म्हणजे पंधरा मुलं. तीसच्या वर्गात ती निम्मी होतात, हजारांत शंभरातली दीड. सूत्रसंचालक कितीही चतुर असो आणि कनेक्शन कितीही वेगवान असो, हा आकडा हलत नाही.

मला या प्रकरणातला हा सर्वांत महत्त्वाचा क्षण वाटतो. तोवर सगळे ‘किती जण पाहू शकतील’ यावर बोलत होते आणि त्याचं उत्तर तंत्रज्ञान देत होतं. ‘किती जण बोलू शकतील’ हे विचारलं की उत्तर खेळाडूच्या घड्याळाकडून येतं. ऑनलाइन भेटीने प्रवासाचा वेळ वाचतो, पण बोलण्याचा वेळ एका मिनिटानेही वाढत नाही.

निर्णय आणि कृती

चौथी वाट निवडली. वर्षातून एक मोठं प्रक्षेपण प्रायोजकासाठी ठेवलं, पण त्याला ‘भेट’ म्हणायचं नाही आणि त्यात मुलांना प्रश्न विचारायला लावायचं नाही, असं ठरलं.

पहिला पेच वेळेचा. सामन्याच्या आदल्या दोन दिवसांत खेळाडूंना हात लावायचा नाही, अशी प्रशिक्षकाची अट होती. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी खेळलेले खेळाडू थकलेले असतात. शेवटी आठवड्यातला एक ठरावीक दिवस मिळाला. सराव आणि आंघोळ उरकल्यावर एक तास, त्यात पंचवीस मिनिटांच्या दोन भेटी आणि मध्ये दहा मिनिटांची फट. वेळ पाऊण तासावरून पंचवीस मिनिटांवर आणायची सूचना शिक्षकांचीच होती. लहान मुलं त्यापुढे चुळबुळ करू लागतात. कवायतही पाच मिनिटांवर आणली. प्रशिक्षकाने हा तास साप्ताहिक वेळापत्रकात छापायला होकार दिला, आणि ‘वाजवी वेळ’ या मोघम शब्दाला पहिल्यांदा आकार आला.

दुसरा पेच खेळाडूचा. शाळांना आघाडीपटू हवा होता. फिजिओने वेगळं सुचवलं: गुडघ्याच्या अस्थिबंधाची शस्त्रक्रिया झालेला एक बचावपटू बरेच महिने मैदानाबाहेर राहणार होता. अशा दुखापतीतून सावरायला बहुतेकदा नऊ महिने किंवा त्याहून जास्त लागतात. तो रोज केंद्रावर यायचा, संघापासून तुटल्यासारखा वावरायचा आणि दुपारी मोकळा असायचा. त्याला मुलांच्या वॉर्डाशी जोडलं. व्यायामाचा कंटाळा, चालताना वाटणारी भीती, मित्र खेळत असताना खिडकीतून बघत बसणं, यावर तो आणि ती मुलं बरोबरीने बोलू शकत होती. त्याने कॅमेरा गुडघ्यावरच्या व्रणाकडे वळवला, तर दोन मुलांनी आपापले व्रण दाखवले. हे कुणी आखलेलं नव्हतं.

शाळांसाठी तिसऱ्या क्रमांकाचा गोलरक्षक पुढे आला. हंगामात त्याला सामना मिळण्याची शक्यता जवळपास नव्हती. मुलांचा हिरमोड होईल, अशी शिक्षकांना धास्ती होती आणि सुरुवातीची काही मिनिटं तसं झालंही. पण तो आधी पाठवलेली नावांची यादी वाचून यायचा, प्रत्येकाला नावाने हाक मारायचा, आणि राखीव खेळाडू म्हणून बाकावर बसून राहायला कसं वाटतं हे न लपवता सांगायचा. वर्गाच्या संघात निवड न झालेली मुलं कोणत्याही वर्गात असतातच.

यातून निमंत्रणाची भाषा बदलली. आता खेळाडूचं नाव आधी जाहीर होत नाही. ‘पहिल्या संघातला एक खेळाडू’ एवढंच लिहिलं जातं आणि नाव आदल्या दिवशी कळवलं जातं. काही शिक्षकांना हे अजूनही आवडत नाही. मुलांची तयारी करून घेता येत नाही, ही त्यांची तक्रार रास्त आहे. पण दुखापत किंवा अचानक बदललेल्या सरावामुळे जाहीर केलेला खेळाडू न येणं याहून वाईट ठरतं.

तिसरा पेच चित्रीकरणाचा. विपणनाला मुलांच्या प्रतिक्रियांचे तुकडे समाजमाध्यमांवर टाकायचे होते. बालसुरक्षा अधिकाऱ्याने सरसकट नकार दिला. मुलांच्या माहितीचे नियम देशागणिक बदलतात: अमेरिकेचा 1998 चा कायदा तेरा वर्षांखालच्यांना लागू होतो, युरोपीय संघात मूळ मर्यादा सोळा असून सदस्यदेशांना ती तेरापर्यंत खाली आणता येते, तर भारताच्या 2023 च्या कायद्यात अठरा वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक आहे. ऑनलाइन भेटीला सीमा नसते, म्हणून क्लबने सर्वांत कडक नियम सगळीकडे पाळायचं ठरवलं. तोडगा साधा निघाला. भेटीचं ध्वनिचित्रमुद्रण होत नाही. खेळाडू ज्या खोलीत बसतो तिथे दुसरा कॅमेरा फक्त त्याला टिपतो. त्याच्यासमोरचा पडदा चौकटीत येत नाही आणि मुलांचे आवाज त्याच्या कानातल्या इअरफोनमध्येच राहतात. विपणनाला खेळाडूचं हसू मिळालं, मुलांचे चेहरे आणि आवाज बाहेर गेले नाहीत.

बाकीची तयारी खटपटीची होती, पण फरक तिनेच पडला. भेटीच्या आठवडाभर आधी शिक्षकासोबत त्याच वर्गातून, त्याच लॅपटॉपवरून चाचणी कॉल होतो. बहुतेक वर्गांत अडचण एकच सापडते: चित्र प्रोजेक्टरवर, आवाज भिंतीवरच्या स्पीकरमधून आणि माइक मात्र शिक्षकाच्या टेबलावरच्या लॅपटॉपमध्ये. मागच्या बाकावरचं मूल काय म्हणालं ते खेळाडूला ऐकूच येत नाही आणि त्याचा स्वतःचा आवाज घुमून परत येतो. उपाय म्हणून लॅपटॉपसमोर जमिनीवर खडूने खूण करतात आणि विचारणारं मूल तिथे येऊन उभं राहतं. कॅमेऱ्यासमोर यायला लाजणारी मुलं चिठ्ठी देतात आणि मित्र ती वाचतो.

खेळाडू घरून किंवा गाडीतून नाही, केंद्रातल्या सामना-विश्लेषणाच्या खोलीतून, तारेने जोडलेल्या इंटरनेटवर बोलतो. त्यात आवाजाचा फायदा आहेच, शिवाय खेळाडूचं घर जगाला दिसत नाही. प्रत्येक शाळेला वेगळी लिंक मिळते, प्रतीक्षा कक्षातून फक्त शिक्षकाचं खातं आत घेतलं जातं, चॅट बंद असतं. क्लबची दोन माणसं हजर असतात, एक बोलणं पुढे नेणारी आणि एक फक्त लक्ष ठेवणारी. खेळाडू कोणत्याही मुलाशी स्वतःच्या खात्यावरून संपर्क ठेवत नाही, हे त्याच्याकडून आधीच लिहून घेतलं जातं.

कवायतीसाठी चेंडू लागत नाही. मोजे गुंडाळून केलेला गोळा चालतो, म्हणजे खुर्चीवरून उठता न येणारी मुलंही झेलू शकतात. कर्णबधिर मुलांच्या एका शाळेने स्वयंचलित सबटायटल्स नावांची वाट लावतात हे लक्षात आणून दिलं. तेव्हापासून सांकेतिक भाषेच्या दुभाषीची चौकट खेळाडूच्या शेजारी कायम मोठी ठेवली जाते आणि मुलं विचारणार असलेले प्रश्न दुभाषीला आधी दिले जातात.

परिणाम

एकूण प्रेक्षकसंख्या कोसळली. एका मोठ्या कार्यक्रमात जेवढी मुलं मोजली होती, तेवढी पूर्ण हंगामातही जमली नाहीत. संचालक मंडळाने कारण विचारलं. विभागप्रमुखाने अहवालातला रकाना बदलला: ‘किती जणांनी पाहिलं’ याऐवजी ‘किती मुलं खेळाडूशी बोलली’. या मापाने आलेख वर गेला. यात थोडी चलाखी आहे, कारण माप बदललं की यश मिळवणं सोपं होतं. पण शाळा पुन्हा वेळ मागू लागल्या आणि शिक्षक एकमेकांना सांगू लागले, हे रकान्यावर अवलंबून नव्हतं. प्रायोजक मात्र नाराज राहिला आणि पुढच्या वर्षी त्याने आपला हात थोडा आखडता घेतला.

सगळं जमलं असंही नाही. वृद्धाश्रमांसाठी हीच पद्धत वापरून पाहिली, ती चालली नाही. एका टीव्हीसमोर दहा-बारा जण बसवले की कुणालाच नीट ऐकू यायचं नाही आणि खेळाडू ओरडून बोलायचा. तिथे विभाग पुन्हा 2020 मधल्या साध्या फोनकडे वळला. एका वेळी एक माणूस, जुन्या सामन्यांच्या आठवणी, वेळेचं बंधन नाही. गोलरक्षकही हंगामाच्या शेवटी थकला. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येत होते आणि त्याची उत्तरं पाठ झाल्यासारखी येऊ लागली. हे त्याने स्वतःच सांगितलं, म्हणून कळलं. आता एका खेळाडूकडे सलग सहापेक्षा जास्त आठवडे भेटी दिल्या जात नाहीत.

काय वेगळं करता आलं असतं

फळ्यावरचा तो हिशेब निमंत्रण पाठवण्याआधी मांडता आला असता. त्याला काही खास ज्ञान लागत नाही. तो मांडला गेला नाही, कारण पहिल्या आखणीच्या बैठकीत शिक्षक किंवा परिचारिका नव्हती. क्लबची माणसं आणि प्रायोजक एवढेच होते. मुलांबरोबर रोज असणारा एखादा माणूस तिथे असता, तर पहिल्या पाच मिनिटांत त्याने विचारलं असतं की माझ्या वर्गाचा नंबर कधी लागणार.

चॅटमधल्या घटनेनंतर शाळांना लगेच आणि पूर्ण माहिती द्यायला हवी होती. क्लबने ‘तांत्रिक कारणामुळे’ कार्यक्रम स्थगित असल्याचं कळवलं. दोन शाळांना खरं कारण पालकांकडून समजलं आणि त्यांतली एक अजून परतलेली नाही.

भेटीनंतरचा धागाही सैल राहिला. पंचवीस मिनिटं संपली की सगळं संपायचं. वॉर्डातल्या समन्वयकाने एकदा बचावपटूचा व्यायामाचा तक्ता मागवून घेतला आणि मुलांनी आपले तक्ते शेजारी लावले. तो पहिला सामना खेळला त्या आठवड्यात वॉर्डातून त्याला निरोप गेला. असं काहीतरी प्रत्येक भेटीला जोडता आलं असतं, पण तीन माणसांच्या विभागाला ते झेपलं नाही आणि चौथ्या माणसाची मागणी अंदाजपत्रकात दोनदा फेटाळली गेली.

आणि एक गोष्ट बराच काळ कुणाच्याच ध्यानात आली नाही. क्लबचा महिला संघ त्याच केंद्रावर सराव करतो. भेटींच्या पहिल्या हंगामात त्यांतल्या एकीलाही विचारलं गेलं नाही, कारण यादी ‘पहिला संघ’ या शीर्षकाखाली होती आणि ते शीर्षक पुरुष संघाचं होतं. एका शाळेतल्या मुलींनीच गोलरक्षकाला विचारलं की तुमच्या क्लबमधल्या खेळाडू मुली कुठे आहेत. त्याने प्रामाणिकपणे सांगितलं की शेजारच्याच मैदानावर आहेत. पुढच्या आठवड्यापासून वेळापत्रकातला तो तास दोन्ही संघांत वाटून देण्यात आला. शाळांची प्रतीक्षायादी अजून लांब आहे. आठवड्याला दोन भेटींच्या तीन करायच्या का, हा प्रश्न या घडीला प्रशिक्षकांच्या टेबलावर आहे.